बदलायच्या गुडघ्याला व्यायाम कशासाठी?

प्रश्न : माझे वय ६६ वर्षे असून मी सातारा जिल्ह्यातील एका गावात राहते. गेली ९ वर्षे दोन्ही गुडघ्यांची झीज आहे आणि उजवा पाय आता बाहेरच्या बाजूला कमानीसारखा वाकला आहे. ९ आठवड्यांनी उजवा गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया ठरली आहे. तोपर्यंत रोज व्यायाम करा, असे रुग्णालयातील फिजिओथेरपिस्टनी सांगितले. घरचे आणि शेजारपाजारचे मात्र म्हणतात, की जो गुडघा काढूनच टाकायचा त्याला आता कशाला छळायचे, त्यापेक्षा दोन महिने पडून राहा. मलाही ते पटते, कारण जरा जास्त चालले की रात्री ठणका लागतो. मला १२ वर्षांपासून मधुमेह आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर ८.६ आली आहे, हिमोग्लोबिन १०.१ आहे आणि वजन ७८ किलो आहे. व्यायामाने डावा गुडघाही लवकर झिजेल का? आणखी एक विचारते. आमचे देवघर जमिनीलगत आहे. शस्त्रक्रियेनंतर मला पुन्हा मांडी घालून पूजेला बसता येईल का?

उत्तर : ताई, तुम्हाला विश्रांती घ्यायला सांगणाऱ्यांचा हेतू मायेचाच आहे, परंतु त्या सल्ल्यामागे एक गैरसमज आहे आणि तो शस्त्रक्रियेपूर्वीच दूर व्हायला हवा. शस्त्रक्रियेत मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची झिजलेली टोके तासून त्यांच्यावर धातूचे भाग बसवतात आणि त्या दोहोंमध्ये विशिष्ट प्लॅस्टिकची गुळगुळीत चकती घालतात. बदलतो तो एवढाच भाग. गुडघा सरळ करणारा मांडीच्या पुढचा मोठा स्नायू, कंबर एका बाजूला झुकू न देणारे नितंबाचे स्नायू, पोटरी, तोल सांभाळण्याची सवय आणि वॉकरवर भार घेणारे हात हे सारे जुनेच राहणार आहे. नवा सांधा स्वतःच्या बळावर हलत नाही, त्याला हलवणारे स्नायू तुमचेच असतात. म्हणून आता करायचा व्यायाम हा काढून टाकायच्या सांध्यासाठी नसून, मागे राहणाऱ्या स्नायूंसाठी आहे.

यात मांडीच्या पुढच्या स्नायूची गोष्ट थोडी सविस्तर सांगते, कारण सगळा प्रश्न तिथेच येऊन थांबतो. दुखऱ्या आणि सुजलेल्या सांध्याकडून मज्जारज्जूकडे जे संदेश जातात, त्यांच्यामुळे हा स्नायू आपोआप आखडता हात घेतो. आपण कितीही मनावर घेतले तरी तो पूर्ण जोर लावत नाही. झिजलेल्या गुडघ्यात हे वर्षानुवर्षे चालू असते, त्यामुळे तो स्नायू बारीक आणि अशक्त होतो. शस्त्रक्रियेनंतर सूज आणि वेदना काही आठवडे वाढलेल्या असतात आणि हा परिणाम आणखी तीव्र होतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात गुडघा बदललेल्या रुग्णांची मोजणी केली, तेव्हा सुमारे महिन्याभराने या स्नायूची ताकद शस्त्रक्रियेपूर्वीच्या तुलनेत ६० टक्क्यांहून अधिक घटलेली आढळली. म्हणजे आधीच अशक्त असलेल्या स्नायूची निम्म्याहून जास्त ताकद काही काळासाठी जाणार आहे, हे धरूनच चालायला हवे. जिची शिदोरी मोठी, तिच्याकडे घट सोसूनही खुर्चीतून उठण्यापुरते बळ उरते. दोन महिने अंथरुणावर काढलेल्या व्यक्तीकडे ते उरत नाही. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी वॉर्डात गेले की मी प्रत्येकीला पाय सरळ ठेवून पलंगावरून वीतभर उचलायला सांगते. तयारी करून आलेल्या बायका थरथरत का होईना, पण बहुधा उचलतात. ज्यांना ही हालचाल कधी शिकवलेलीच नसते, त्यांना नेमका कोणता स्नायू आवळायचा हेच वेदनेच्या त्या धुमश्चक्रीत सापडत नाही.

आता या तयारीचा उपयोग किती, हेही मोकळेपणाने सांगायला हवे, कारण अवास्तव आशा ठेवून केलेला व्यायाम फार दिवस टिकत नाही. डेन्मार्कमध्ये खुबा किंवा गुडघा बदलायच्या १६५ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाने शस्त्रक्रियेपूर्वी ८ आठवडे देखरेखीखाली व्यायाम केला. शस्त्रक्रियेच्या आधीच त्या गटाच्या वेदना कमी झाल्या आणि रोजची कामे सुधारली. मात्र शस्त्रक्रियेनंतर ३ महिन्यांनी दोन्ही गट जवळजवळ सारख्याच स्थितीत होते. त्याआधी २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, ६ आठवडे व्यायाम करून आलेल्यांना रुग्णालयातून थेट घरी न जाता पुनर्वसन केंद्रात दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण बरेच कमी झाले होते. माझा निष्कर्ष असा, की या तयारीचा लाभ प्रामुख्याने दोन काळांत मिळतो : शस्त्रक्रियेची वाट पाहण्याच्या आठवड्यांत आणि शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत. हाच काळ सर्वांत अवघड असतो, याच काळात पडण्याची भीती असते आणि याच काळात माणूस घरच्यांवर पूर्ण अवलंबून असतो. म्हणून मला हा लाभ मोठा वाटतो.

व्यायाम कसा करायचा, हे तुम्हाला प्रत्यक्ष पाहणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडूनच ठरवून घ्या. मी त्याचा रोख समजावते. तुम्हाला जमिनीवर बसून उठता येत नसणार, तेव्हा सगळे पलंगावर किंवा खुर्चीत करायचे. गादी फार मऊ नसावी. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची छोटी गुंडाळी ठेवा आणि गुडघ्याच्या मागच्या बाजूने ती खाली दाबा. दाबताना गुडघ्याची वाटी किंचित मांडीकडे सरकलेली दिसली, म्हणजे योग्य स्नायू आवळला गेला. मनात पाच अंक मोजा, सोडा, पुन्हा करा. दहा वेळा सहज जमू लागले की पाय सरळ ठेवून वीतभर उचलण्याकडे वळा. उचलताना दुसरा पाय गुडघ्यात दुमडून ठेवा, म्हणजे कंबरेवर ताण येणार नाही. श्वास मात्र रोखून धरू नका.

गुडघा पूर्ण सरळ होणे हे पूर्ण वाकण्याइतकेच महत्त्वाचे आहे, याकडे बहुतेकांचे लक्ष नसते. अनेक वर्षे दुखणारा गुडघा किंचित दुमडलेला राहतो, कारण तसे ठेवले की बरे वाटते, आणि हळूहळू तो तसाच आखडतो. रात्री गुडघ्याखाली उशी घेऊन झोपण्याची सवय असेल, तर ती आजच मोडा. त्याऐवजी दिवसातून दोन-तीनदा टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, गुडघा अधांतरी सोडून, पाच-सात मिनिटे पडून राहा. गुडघ्यामागे ओढ बसेल, ती बसायलाच हवी. त्यानंतर टाच पलंगावरून घसरवत नितंबांकडे आणायची, जितकी येईल तितकीच. शस्त्रक्रियेपूर्वी गुडघा किती वाकतो, यावर शस्त्रक्रियेनंतर तो किती वाकेल हे बऱ्याच अंशी अवलंबून असते.

सर्वांत उपयोगी व्यायाम मात्र खुर्चीतून उठण्याचा आहे. हातांची, न घसरणारी, भिंतीला टेकवलेली खुर्ची घ्या. पावले गुडघ्यांच्या थोडी मागे घ्या, पुढे झुका आणि हातांचा शक्य तितका कमी आधार घेत उभ्या राहा. मग अंग धपकन न टाकता सावकाश बसा. सुरुवातीला खुर्चीवर एक जाड उशी ठेवून उंची वाढवली तरी चालेल. अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येते, ते आज मोजून कॅलेंडरवर लिहा आणि दर रविवारी पुन्हा मोजा. आकडा ४ वरून ७ वर गेला, तर आपल्या कष्टांचे काय झाले हे दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज उरत नाही. याच्या जोडीला कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणे, ओट्याला धरून टाचा उचलणे आणि खुर्चीच्या हातांवर तळवे दाबून अंग किंचित वर उचलणे हेही करा. शेवटचा व्यायाम विनोदी वाटेल. पण वॉकरवर पहिले काही दिवस तुमचे हातच तुम्हाला पेलणार आहेत.

रात्रीच्या ठणक्याबद्दल तुम्ही लिहिले आहे, त्याचे उत्तर नीट लक्षात ठेवा. व्यायाम करताना थोडे दुखणे हे नुकसानाचे लक्षण नाही. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे असह्य दुखते असे मानले, तर पाचपर्यंतचे दुखणे चालते. मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत ते नेहमीच्या पातळीवर यायला हवे. तसे झाले नाही, तर व्यायाम बंद न करता पुढच्या वेळी तो निम्मा करा. आठवड्यातून तीन दिवस ताकदीचे व्यायाम आणि सरळ करण्या-वाकवण्याच्या हालचाली रोज, एवढे पुरे. चालणे एकदम तासभर नको. दहा-दहा मिनिटांचे तीन-चार तुकडे करा. काठी घेत असाल तर ती डाव्या हातात घ्या, म्हणजे दुखऱ्या पायाच्या विरुद्ध बाजूला. बहुतेक लोक ती दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि तिचा उपयोग घालवतात. तुम्ही सरळ उभ्या असताना काठीची मूठ मनगटाच्या रेषेपर्यंत यायला हवी. गुडघा एकाएकी गरम होऊन सुजला, ताप आला, पोटरी सुजून दुखू लागली किंवा चालताना छातीत दडपण आले, तर मात्र व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवा.

डाव्या गुडघ्याची काळजी करू नका. बेताचा, हळूहळू वाढवलेला व्यायाम झिजलेल्या गुडघ्याची झीज वाढवत नाही. उलट सांध्याभोवतीचे स्नायू बळकट झाले की त्या सांध्यावर येणारे हिसके कमी होतात. शिवाय शस्त्रक्रियेनंतर पहिले काही दिवस अंगाचा मोठा भार डाव्या पायालाच घ्यायचा आहे, तेव्हा जो व्यायाम उजव्याला तोच डाव्यालाही द्या.

तुमच्या पत्रातील दोन आकडे मला गुडघ्यापेक्षाही अधिक काळजीचे वाटतात. सरासरी साखर ८.६ असताना जखम भरायला वेळ लागतो आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. कृत्रिम सांध्यात जंतू शिरले तर कधीकधी तो सांधाच पुन्हा काढावा लागतो, म्हणून अनेक शल्यविशारद हा आकडा ८ च्या, काही तर ७.५ च्या आत आल्याखेरीज शस्त्रक्रिया करत नाहीत. ही तपासणी मागच्या तीन महिन्यांचा हिशोब दाखवते, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात गोड सोडून ती सुधारत नाही. मधुमेहाच्या डॉक्टरांकडे याच आठवड्यात जा. मधुमेहाच्या काही गोळ्या शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधीपासून बंद ठेवाव्या लागतात, त्याबद्दलही त्याच वेळी विचारून घ्या. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर उपाशीपोटी व्यायाम करू नका.

दुसरा आकडा हिमोग्लोबिनचा. स्त्रियांमध्ये तो १२ च्या खाली असला की रक्तक्षय मानतात. गुडघा बदलताना काही रक्त जातेच, त्यामुळे १०.१ वरून सुरुवात केली तर रक्त चढवण्याची वेळ येण्याची शक्यता वाढते आणि नंतरचा थकवा व्यायाम करू देत नाही. रक्त का कमी आहे, हे आधी तपासून घ्या. तुमच्या वयात त्याचे कारण शोधल्याशिवाय नुसत्या गोळ्या घेणे बरोबर नाही. लोहाच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, म्हणून उशीर नको, आणि गोळीच्या किंवा जेवणाच्या आगेमागे चहा नको, कारण चहामुळे लोह अंगी लागत नाही.

वजनाबद्दल थोडक्यात सांगते. शरीराचे वजन १ किलो घटले की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी कमी होतो, हे मोजून पाहिलेले आहे. ९ आठवड्यांत ३ किलो कमी झाले तरी उत्तम. पण उपास करून वजन उतरवू नका, त्यात स्नायूच झडतात. भाकरी-भात थोडा कमी करून डाळ, उसळ, ताक, दही आणि चालत असेल तर अंडी वाढवा. मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर प्रथिने किती घ्यायची हे डॉक्टरांना विचारा.

तुम्ही लिहिलेले नाही, पण मिश्री लावत असाल किंवा तंबाखू खात असाल, तर ते शस्त्रक्रियेच्या किमान ४ आठवडे आधी पूर्ण सोडायला हवे. निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला रक्त कमी पोहोचते. दात किडलेले असतील, टाचांना खोल भेगा असतील, बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या असतील किंवा लघवीला जळजळ होत असेल, तर तेही आत्ताच बरे करून घ्या. अशा किरकोळ वाटणाऱ्या जागांमधूनच जंतूंना शरीरात वाट मिळते. आणि ठणका सोसवत नाही म्हणून कोणी गुडघ्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन घ्यायला सुचवले, तर आधी तुमच्या शल्यविशारदांना विचारा. शस्त्रक्रियेपूर्वीच्या ३ महिन्यांत घेतलेल्या अशा इंजेक्शनामुळे नंतर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. चालू असलेल्या सर्व औषधांची यादी भूलतज्ज्ञांना दाखवा आणि त्यात वैद्यांकडून आणलेले काढे व चूर्णेही लिहा.

घराची तयारी तुम्ही स्वतः हिंडत्या-फिरत्या असतानाच करा. वॉकर भाड्याने किंवा विकत आणून तो न्हाणीघराच्या आणि संडासाच्या दारातून आत जातो की नाही, हे पाहा; जुन्या घरांत बहुधा तिथेच अडते. संडास भारतीय पद्धतीचा असेल, तर कमोडची खुर्ची लागेलच. पलंग गुडघ्याच्या उंचीपेक्षा थोडा उंच असावा. पायपुसणी, गोधड्या आणि सैल सतरंज्या चालण्याच्या वाटेवरून उचला. पायऱ्यांची रीतही आत्ताच अंगवळणी पाडा : चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. पहिले दोन-तीन आठवडे रात्री कोण सोबत राहणार, हे नावानिशी ठरवून ठेवा, कारण ‘सगळे आहेतच’ या उत्तरात बहुतेक वेळा कोणीच नसते.

काही जणींना दोन महिने नेटाने व्यायाम केल्यावर इतके बरे वाटते, की शस्त्रक्रिया खरोखरच हवी का, असा प्रश्न पडतो. तो प्रश्न रास्त आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील एका अभ्यासात गुडघा बदलण्यास योग्य ठरलेल्या १०० रुग्णांपैकी ५० जणांना आधी केवळ व्यायाम, आहार आणि मार्गदर्शन दिले. वर्षभरात त्यांतील १३ जणांनीच शस्त्रक्रिया करून घेतली. त्याच अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांच्या वेदना अधिक कमी झाल्या, मात्र त्यांच्यात गंभीर गुंतागुंतीही अधिक झाल्या. तुमचा पाय कमानीसारखा वाकलेला आहे आणि तो व्यायामाने सरळ होणार नाही, त्यामुळे बरे वाटले म्हणून परस्पर तारीख रद्द करू नका; शल्यविशारदांशी बोलून ठरवा.

राहिला तुमचा देवघराचा प्रश्न. नव्या गुडघ्याने खुर्चीत बसणे, जिने चढणे आणि मंदिरात उभ्याने दर्शन घेणे सहसा जमते. मांडी घालणे काही जणींना जमते, पुष्कळ जणींना जमत नाही. आणि जमले तरी रोज जमिनीवर बसून उठण्याने नव्या सांध्यावर ताण येतो, म्हणून बहुतेक शल्यविशारद ते टाळायलाच सांगतात. मला माहीत आहे, की हे ऐकायला जड जाते. तेव्हा देवघर आत्ताच वर घ्या. खुर्चीत बसून हात सहज पोहोचेल अशा उंचीचे लाकडी टेबल किंवा भिंतीतला भक्कम कट्टा करून घ्या. समई कुठे ठेवायची आणि फुलांची परडी कोणत्या हाताला हवी, हे आठ-दहा दिवस स्वतः तिथे बसून पूजा करून ठरवा, आणि रोज पूजा झाली की त्याच खुर्चीतून दहा वेळा उठा-बसा.